‘घरगुती कारणास्तव’

या वेळी लोणच्याची बुरशी आणि चादरींवरचे डाग बाजूला ठेवते. पोलादपूरहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलंय, आणि ते वाचल्यापासून माझं दुसऱ्या कशात लक्षच लागत नाही. पत्र त्यांचं, पण दुखणं आपल्यातल्या पुष्कळजणींचं आहे.

या बाई महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेबाचं काम करतात. सकाळी डबा, मुलाची शाळा, मग पोलादपूरच्या स्टँडवरून एसटी. मार्च २०२३ पासून बायकांना निम्मं तिकीट झालं तेवढाच काय तो आधार, असं त्या लिहितात. साडेचार वर्षं झाली. “पगार वेळेवर मिळतो, माणसंही वाईट नाहीत. पण रविवारी संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना पोटात गोळा येतो, की उद्या पुन्हा तिथं जायचं. मला हे काम आवडत नाही, एवढंच. यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, सोड, आपलं भागेल. आता राजीनाम्यात कारण काय लिहू? ऑफिसातल्या एक बाई म्हणाल्या, सासूबाईंचं आजारपण लिही, कोणी पुढं काही विचारत नाही. सासूबाईंना मणक्याचा त्रास आहे असं लिहू का? तशा त्या ठणठणीत आहेत.”

हे शेवटचं वाक्य वाचून मला आधी हसू आलं आणि मग अगदी गप्प बसवेना.

माझीच गोष्ट सांगते. महाडला लग्न होऊन आल्यावर मी जवळच्याच एका खाजगी शाळेत शिक्षिका होते. शाळेचं नाव नको, आता तिथं सगळी नवी माणसं आहेत. सात वर्षं शिकवलं. शिकवणं मला आवडायचं. नको वाटायचं ते बाकीचं. सुट्टीत पावतीपुस्तकं घेऊन देणग्या मागत फिरायचं, शाळा सुटल्यावर कारकुनाची रजिस्टरं भरायची, आणि ‘बाईमाणूस आहात, घरी काय काम असतं’ हे ऐकून घ्यायचं. शेवटी १९९१ च्या मे महिन्यात मी एका कागदावर तीन ओळी लिहिल्या आणि मुख्याध्यापकांच्या घरी नेऊन दिल्या. कारण लिहिलं, ‘घरगुती अडचणींमुळे’. का लिहिलं? कारण सगळ्या तेच लिहितात. त्यानं कोणाचं मन दुखत नाही, प्रश्न येत नाहीत, असं वाटलं.

मन दुखलं, पण भलत्याचंच. माझ्या सासूबाई सकाळी साडेपाचला उठून माझा डबा करायच्या. माझी दोन्ही मुलं त्यांच्या मांडीवर वाढली. मला शाळेत जाता यावं म्हणून त्यांनी सात वर्षं दुपारची झोप घेतली नाही. त्या वर्षीच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणी तरी त्यांना म्हणालं, “काय हो, सुनेची चांगली नोकरी सोडायला लावलीत म्हणे!” घरी येऊन त्यांनी साडी बदलली, तिळगुळाचा डबा फळीवर ठेवला. दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, “मी कधी म्हटलं गं तुला, नोकरी सोड म्हणून?”

काय उत्तर देणार? आमच्या घरी अडचण अशी एकच होती, की मला ती नोकरी नकोशी झाली होती. ती त्या शाळेत होती, घरात नव्हती. पण कागदावर मी घराचं नाव घातलं, आणि गाव छोटं. घर म्हटलं की सासू, हे लोकांनी आपलं आपण धरून घेतलं.

दुसरा चटका चार वर्षांनी बसला. एका ठिकाणी मुलाखतीला गेले होते. समोरच्या गृहस्थांनी माझा कार्यमुक्तीचा कागद पाहिला आणि विचारलं, “तुमच्या घरगुती अडचणी मिटल्या का? पुन्हा उद्भवल्या तर?” पुरुष नोकरी सोडतो तेव्हा त्याला चांगली संधी मिळालेली असते. बाई सोडते तेव्हा तिच्या घरात काही तरी झालेलं असतं. हे लोक म्हणतात ते सोडा, पण आपणच आपल्या हातानं लिहून द्यावं?

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते हे गाव लागतं. पाचाडला जाताना तुमच्यापैकी कितीतरी जणी तिथून गेल्या असाल. चिंतामणराव देशमुखांचा जन्म या गावचा, १४ जानेवारी १८९६ चा. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. १९५२ च्या निवडणुकीत ते आपल्याच कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत गेले होते. (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा, तरुण मैत्रिणींसाठी सांगते.) मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं ठरलं, तेव्हा जानेवारी १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंकडे राजीनामा दिला.

मला यातली पुढची गोष्ट महत्त्वाची वाटते. राजीनामा लगेच अमलात आला नाही. मधले महिने देशमुख हात बांधून बसले नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीला त्यांनी अर्थसंकल्प मांडला. विमा कंपन्या सरकारी करण्याचं जे काम हाती घेतलं होतं, त्याचा कायदा जूनमध्ये पुरा झाला. आपल्या घरोघरी ज्या एलआयसीच्या पावत्या आहेत ना, ते महामंडळ या कायद्यानं १ सप्टेंबर १९५६ ला सुरू झालं. आणि मग जुलैत ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि लोकसभेत उभे राहून कारण सांगितलं. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता जाहीर झाला, मुंबईत गोळीबार झाला त्याची चौकशी नाही, हे त्यांनी नेहरूंसमोर सांगितलं. प्रकृती ठीक नाही, घरी अडचण आहे, असलं काही नाही. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. म्हणजे स्पष्ट बोलून गेलेल्या माणसाला पुढे कोणी काम देत नाही, हेही खरं नव्हे.

आता कुणी म्हणेल, बाई, कुठे अर्थमंत्री आणि कुठे आमची कारकुनी! बरोबर आहे. त्यांची जागा जनतेची होती, म्हणून कारण जनतेपुढं मांडणं त्यांना भाग होतं. तुमची-माझी तशी नाही. तुम्हाला काम आवडत नाही, हे तुमच्या साहेबाला लिहून द्यायची मुळीच गरज नाही. मात्र कारण न लिहिणं वेगळं आणि खोटं कारण लिहिणं वेगळं. राजीनाम्याच्या पत्रात कारण असावंच लागतं, हा समज मनातून काढून टाका. तुमच्या नेमणूकपत्रात तशी अट नसेल तर कारणाची ओळच लिहू नका.

पोलादपूरच्या भगिनींसाठी मी पत्राचा मसुदा करून पाहिला. तो असा:

“मा. व्यवस्थापक यांस, स. न. वि. वि. मी आपल्या कार्यालयात अमुक तारखेपासून लेखा विभागात काम करीत आहे. या पदाचा मी राजीनामा देत आहे. नेमणूकपत्रातील अटीप्रमाणे एक महिन्याची पूर्वसूचना धरून अमुक तारीख हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस राहील. तोपर्यंत हाती असलेले काम पूर्ण करून आपण सांगाल त्यांच्याकडे सोपवीन. कार्यमुक्तीचे पत्र, अनुभवाचा दाखला व माझी देय रक्कम मिळावी, ही विनंती. आपली विश्वासू.”

बस्स, एवढंच. आभाराची एक ओळ मनापासून लिहावीशी वाटली तर जरूर लिहा. तक्रारी मात्र यात नकोत. त्यांचा कागद वेगळा, त्याची वेळ वेगळी. आणि तोंडी कुणी विचारलंच, तर “दुसरं काम करायचं ठरवलंय” हे उत्तर पुरतं. दुसरं काम म्हणजे घरी बसून पापड लाटणंही असू शकतं, ते त्यांना कशाला?

पण मसुदा तयार असला तरी तो आज देऊ नका. आधी जरा तारखांचं गणित बघू या.

तुम्ही साडेचार वर्षं झाली असं लिहिलंय. कायम नोकरीत सलग पाच वर्षं पुरी झाली, आणि तिथं दहा किंवा जास्त माणसं कामाला असली, की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार, महिन्याचे दिवस २६ धरून. समजा ग्रॅच्युइटीसाठी धरायचा पगार १३,००० रुपये आहे. त्याला २६ नी भागलं की दिवसाचे ५०० झाले. १५ दिवसांचे ७,५००, आणि पाच वर्षांचे ३७,५०० रुपये. सहा महिने कळ सोसायची की नाही, हे तुमचं पोट ठरवेल. रविवारचा गोळा फारच मोठा असेल तर पैशाकडं बघू नका. पण एवढी रक्कम माहीत नसल्यामुळे गेली, असं होऊ नये. (ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या कायद्यात एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटी आहे. तुमचा कागद पाहा.)

हे नवे कामगार कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. राजीनामा देणाऱ्याचा राहिलेला पगार शेवटच्या दिवसानंतर दोन कामाच्या दिवसांत द्यायचा, असं त्यात आहे. पूर्वी महिना महिना खेटे घालावे लागत, ते मी घातलेले आहेत. तेव्हा हे वाक्य पाठ करून ठेवा.

प्रॉव्हिडंट फंड काढायची घाई नको. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत काढला तर त्यावर कर लागू शकतो, आणि दहा वर्षांची नोकरी भरली तर पुढे पेन्शनचा हक्क होतो. ही दहा वर्षं वेगवेगळ्या ठिकाणची मिळून धरतात, म्हणून तुमचा तो बारा आकडी नंबर जपून ठेवा. दुसरीकडे लागलात की तोच नंबर द्यायचा. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं फंडाच्या नोंदीत घातली ना, हे मोबाइलवर पाहा. ती राहिली की पुढे पैसे हलवताना अडतं. कंपनीनं नाहीच घातली, तर दोन महिन्यांनी आपली आपल्याला घालता येते.

आणखी एक, हे पत्रात नव्हतं, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. दिवस गेलेत म्हणून लाजून, किंवा कुणी सुचवलं म्हणून, राजीनामा देऊ नका. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं तर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. ती घ्या, बाळाचं करा, आणि मग काय ते ठरवा.

आता शाळेतल्या मैत्रिणींसाठी. तुमचा नियम निराळा आहे. मला तो माहीत नव्हता आणि त्याचं प्रायश्चित्त मी घेतलं. महाराष्ट्रातल्या खाजगी शाळांच्या नोकरवर्गासाठी १९७७ चा कायदा आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही करायची, दोन्हींवर तारीख घालायची, एक प्रत रजिस्टर्ड पोस्टानं व्यवस्थापनाला पाठवायची आणि दुसरी आपल्याजवळ ठेवायची, असं त्यात लिहिलेलं आहे. एवढं बारीक का लिहिलं असेल? कारण नेमणुकीच्या दिवशीच बिनतारखेचा राजीनामा सही करून घ्यायचा आणि नकोसं झालं की वर तारीख घालून वापरायचा, अशी चाल होती. म्हणून मैत्रिणींनो, शाळा असो की दुकान, बिनतारखेच्या कागदावर सही नको. कोणी कितीही गोड बोललं तरी नको.

१९८१ च्या नियमांत मुदत दिली आहे. कायम शिक्षिकेला तीन महिन्यांची सूचना, कायम नसलेलीला एक महिन्याची. मुदत कमी पडली तर तेवढ्या दिवसांचा मूळ पगार भरून मोकळं होता येतं, पण व्यवस्थापनानं तशी परवानगी द्यायला हवी. आणि सुट्टीत राजीनाम्याची सूचना देता येत नाही, सुट्टी त्या मुदतीत धरताही येत नाही. मी नेमका मे महिन्यात, एकाच प्रतीत, पोस्टानं न पाठवता हाती नेऊन दिला होता! तो कागद जूनपर्यंत कुणाच्या तरी खणात पडून राहिला, मग म्हणे तो चालत नाही, पुन्हा द्या. पुन्हा लिहितानाही मी ‘घरगुती अडचणी’च लिहिलं. एकदा हात वळला की वळला.

पोलादपूरच्या भगिनींनी आणखी विचारलंय, आधी कुणाला सांगू? घरी सांगून झालंच आहे. ऑफिसात पहिल्यांदा तुमच्या वरच्या साहेबांना, तेही समोर बसून. जेवणाच्या सुट्टीत मैत्रिणींना नाही. डबे उघडले की बातमी साहेबांपर्यंत भाजीच्या आधी पोचते, आणि मग तुम्ही खोलीत शिराल तेव्हा त्यांचा चेहरा आधीच पडलेला असतो. वेळ सकाळची नको, सगळ्यांना घाई असते. दुपारनंतर दहा मिनिटं मागून घ्या, दोन वाक्यांत सांगा आणि तिथंच पत्र पुढे करा. तुमच्या प्रतीवर ‘मिळाले’ असं लिहून सही, तारीख, शिक्का घ्या. ते टाळाटाळ करत असतील तर दुसऱ्या दिवशी तेच पत्र पोस्टानं पाठवा, ई-मेलही करा. नुसता व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून राजीनामा झाला असं समजू नका.

साहेब पगार वाढवतो म्हणतील. हा क्षण मोठा अवघड असतो बरं का. आपल्याला वाटतं, अरे, आपली किंमत आहे की यांना! म्हणून आत जाण्याआधी स्वतःला विचारून ठेवा: दोन हजार वाढले तर रविवारचा गोळा जाणार आहे का? जाणार असेल तर खुशाल थांबा, त्यात कमीपणा काही नाही. नसेल तर “विचार करते” असंसुद्धा म्हणू नका. त्या ‘विचार करते’वर माझ्या ओळखीच्या एक बाई तीन वर्षं विचार करत राहिल्या.

शेवटच्या महिन्यात काम नेहमीपेक्षा नीट करा. साहेबावर उपकार म्हणून नव्हे. तुमच्या जागी जी मुलगी येईल ती बहुधा बिरवाडीची किंवा पोलादपूरचीच असेल, तुमच्याच एसटीत बसणार आहे. कुठली फाइल कुठं, कुठला व्यापारी बिलं उशिरा पाठवतो, कर कुठल्या तारखेला भरायचा, हे एका वहीत लिहून ठेवा. किल्ल्या, ओळखपत्र, कंपनीचा मोबाइल असेल तर तो, सगळं परत करताना यादी करून त्यावर सही घ्या. आणि कंपनीच्या कॉम्प्युटरवर मुलाच्या वाढदिवसाचे फोटो असतील तर ते आधी काढून घ्या. त्या दिवशी आठवत नाहीत.

हे सगळे कागद ठेवायचे कुठं? महाडकरणींना वेगळं सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये सावित्रीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा आमच्या लोखंडी कपाटाचे खालचे दोन खण पाण्याखाली गेले. माझं नेमणूकपत्र, तो कार्यमुक्तीचा कागद, मुलांच्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकांची पिशवी, सगळ्याचा लगदा झाला. वाळत घातलं तेव्हा ‘घरगुती’ एवढाच शब्द वाचता येत होता. म्हणून कागद माळ्यावर, प्लास्टिकच्या डब्यात. शिवाय प्रत्येकाचा मोबाइलवर फोटो काढून तो बहिणीला किंवा भावाला पाठवून ठेवा. नदीपासून लांब राहणाऱ्या, एवढं बघा.

तर पोलादपूरच्या भगिनी, मसुदा उतरवून घ्या, तारखा घाला, आणि देण्याआधी एकदा सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवा. माझ्या सासूबाई १९९८ मध्ये गेल्या. त्या भाजी निवडताना विचारलेल्या प्रश्नाला मी तेव्हा “नाही हो, तुम्ही कधीच नाही” एवढं म्हणाले होते, पण हळदीकुंकवाच्या बायकांना जाऊन काही सांगितलं नव्हतं.

तुमच्या सासूबाईंचा मणका ठीक आहे ना? तसाच राहू द्या.